छायाचित्र सुधारावे किती?



मनात जपलेला क्षण आणि हाती आलेले छायाचित्र यांचा मेळ क्वचितच बसतो. मुलीच्या लग्नाचा, नातवाच्या बाप्तिस्म्याचा किंवा कित्येक वर्षांनी एकत्र जमलेल्या भावंडांचा फोटो आपण मोठ्या हौसेने काढतो आणि नंतर तो पाहताना मन खट्टू होते. चेहरे काळवंडलेले असतात, मागची भिंत कललेली असते, पांढऱ्या साडीवर ट्यूबलाइटची हिरवट झाक असते आणि कोपऱ्यात कोण्या अनोळखी माणसाचे अर्धे डोके डोकावत असते. पूर्वी असा फोटो आल्बमच्या शेवटच्या पानामागे दडवला जाई. आज तशी पाळी येत नाही. मोबाईलवरचे स्नॅपसीड किंवा संगणकावरचे गिम्प यांसारखी साधने फुकट मिळतात, आणि नवशिक्या माणूसही थोड्या सरावाने तो फोटो उजळू शकतो, सरळ करू शकतो, त्यातले नको ते पुसून टाकू शकतो.

ही सोय झाली हे चांगलेच झाले. परंतु प्रत्येक नवी सोय एक नवा प्रश्न बरोबर घेऊन येते. सुधारणा कोठे संपते आणि खोटेपणा कोठे सुरू होतो? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. तथापि आपल्या जगण्याचा पुरावा आज आपण बव्हंशी छायाचित्रांच्या स्वाधीन केला आहे. विवाह जुळवताना, अपघाताची नुकसानभरपाई मागताना, सरकारी मदतीसाठी अर्ज करताना आणि दिवंगतांची आठवण जागवताना आपण फोटोच पुढे करतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम कॅमेऱ्याला न्याय देऊ या. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर पहाटे गेलात तर बंगालच्या उपसागरातून वर येणाऱ्या सूर्याकडे पाठ करून फोटोसाठी उभी राहिलेली कुटुंबे हमखास दिसतील. समोरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला आकाशाची लाली दिसते आणि आजीच्या चेहऱ्यावरचे हसूही दिसते. कारण डोळा आणि मेंदू क्षणाक्षणाला प्रकाशाशी जुळवून घेत असतात. कॅमेऱ्याला मात्र साऱ्या दृश्यासाठी प्रकाशाचे बहुधा एकच माप धरावे लागते. त्याने आकाशाचे माप धरले की चेहरे काळे होतात. घरी आल्यावर आपण त्या सावल्या थोड्या उजळल्या तर खोटे काय केले? जे डोळ्याने पाहिले होते आणि यंत्राला टिपता आले नाही, तेच आपण परत आणले.

त्याच किनाऱ्याच्या दक्षिणेला सांतोम येथे उंच पांढऱ्या शिखराचे चर्च आहे. त्याची आजची इमारत १८९६ साली पूर्ण झाली. जवळ उभे राहून मोबाईल वर कलवून फोटो काढला, तर ते शिखर मागे कोसळत असल्यासारखे दिसते. अशा वेळी उभ्या रेषा सरळ करणारे साधन वापरायला संकोच नको. चर्च सव्वाशेहून अधिक वर्षे ताठ उभे आहे. वाकडा आहे तो फोटो.

नवशिक्याने क्रम लक्षात ठेवावा. आधी मूळ फोटोची प्रत करावी आणि काम त्या प्रतीवरच करावे. मग क्षितिज सरळ करून कडेचा अनावश्यक भाग छाटावा. नंतर एकंदर प्रकाश आणि सावल्या पाहाव्यात. त्यानंतर फोटोत जी वस्तू खरोखर पांढरी होती, उदाहरणार्थ सदरा किंवा कागद, ती पांढरी दिसेपर्यंत रंगांचा तोल सावरावा. म्हणजे कातडीचा रंगही बहुधा जागेवर येतो. सर्वांत शेवटी रेखीवपणा किंचित वाढवावा. प्रत्येक पायरीवर मूळ फोटोशी ताडून पाहावे. इथवर आपण केवळ यंत्राची उणीव भरून काढत असतो.

आता समजा, चर्चच्या शिखरासमोरून विजेची एक तार आडवी गेली आहे. डाग पुसणाऱ्या साधनाने तिच्यावरून बोट फिरवले की शेजारचे आकाश तिच्या जागी पसरते आणि तार नाहीशी होते. येथे प्रथमच आपण यंत्राची चूक सोडून दृश्यालाच हात घातला. तार तेथे खरोखर होती. घरच्या आल्बमात तो फोटो लावला तर कोणाचेही काही बिघडत नाही. परंतु हाच फोटो ‘या परिसरात तारा धोकादायक रीतीने लोंबकळत नाहीत’ असे दाखवण्यासाठी एखाद्या कचेरीत दाखल झाला तर? क्रिया तीच, बोट तेच. पण आता ती खोटी साक्ष ठरते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. कोणते साधन वापरले यावरून नीती ठरत नाही. तो फोटो पाहणाऱ्याला कशाची ग्वाही देत आहे, यावरून ती ठरते.

हा पेच संगणकाने निर्माण केला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. १८५६ साली मद्रास इलाख्याच्या सरकारने लष्करातील कॅप्टन लिनियस ट्राइप यांची छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. पुढील काळात त्यांनी मदुराई, तंजावर, श्रीरंगम, पुदुक्कोट्टै अशा ठिकाणची मंदिरे आणि वास्तू टिपल्या. त्या काळचे कागदी निगेटिव्ह निळ्या रंगाला अवाजवी दाद देत. साहजिकच आकाश जरुरीपेक्षा अधिक उजळून निघे आणि छापील चित्रात ते कोऱ्या कागदासारखे दिसे. हे त्यांना रुचले नाही. त्यांनी काही निगेटिव्हवर कुंचल्याने रंग लावून ढग काढले, झाडांची पालवीही सावरली. म्हणजे निराश करणारे छायाचित्र हाताने सुधारण्याचा उद्योग या इलाख्यात सुमारे पावणेदोनशे वर्षांमागे चालू होता.

त्याच ट्राइप यांनी तंजावरला आणखी एक काम केले. ज्या तंजावरात मराठ्यांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षे राज्य केले आणि मराठी ग्रंथांचा ठेवा जपला, तेथील बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याशी भिंतीवर प्राचीन शिलालेख कोरलेले आहेत. ते एका चित्रात मावणे अशक्य होते. ट्राइप यांनी ते तुकड्यातुकड्याने टिपले आणि २१ छायाचित्रे एकमेकांना जोडून सुमारे १९ फूट लांबीची एक पट्टी सिद्ध केली.

वाचकहो, या दोन कृतींची तुलना करून पाहा. चित्रे जोडणे ही मोठी ढवळाढवळ. तरीही तिच्यामुळे अभ्यासकाला भिंतीवरचा लेख अधिक खरेपणाने पाहता आला. ढग रंगवणे ही लहानशी सजावट; पण त्या दिवशी आकाशात ते ढग नव्हते. मंदिराचे शिल्प पाहणाऱ्याची त्यामुळे फसवणूक होत नाही, कारण चित्राची ग्वाही मंदिरापुरती आहे. मात्र कोणी त्या चित्रावरून त्या दिवसाच्या हवामानाचा तर्क करू लागला, तर तो फसेल. मोठी ढवळाढवळ प्रामाणिक असू शकते आणि लहानशी सजावट दिशाभूल करू शकते, हे त्या एकाच माणसाच्या कामातून दिसते.

आता चेन्नईतील एक घटना पाहू. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नईवर अभूतपूर्व पाऊस कोसळला. अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, विमानतळ बंद पडला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. ३ डिसेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पूरग्रस्त भागाची हवाई पाहणी केली आणि मदत जाहीर केली. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने त्या पाहणीची सात छायाचित्रे प्रसृत केली. त्यांतील एकात पंतप्रधान खिडकीतून खाली पाहत होते आणि खिडकीबाहेर पाण्यात बुडालेल्या इमारती विलक्षण स्पष्ट दिसत होत्या. मूळ छायाचित्रात मात्र बाहेरचे दृश्य धूसर होते. दोन चित्रे एकत्र केली गेल्याचे लोकांच्या लक्षात आले, आणि ठिकठिकाणी थट्टा सुरू झाली. कार्यालयाने ते चित्र काढून टाकले, दोन चित्रे जोडण्याचे तंत्र वापरले गेल्याचे मान्य केले आणि दिलगिरी व्यक्त केली.

हा प्रसंग राजकारणाच्या चष्म्यातून पाहण्याची येथे गरज नाही. दिलगिरी व्यक्त झाली, हेही योग्यच झाले. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. पंतप्रधान तेथे खरोखर गेले होते. पूर खरा होता. पाहणीही खरी होती. खोटे होते ते फक्त खिडकीतले स्पष्ट दृश्य. एका खऱ्या घटनेला कोणीतरी अनावश्यक मदत करायला गेले आणि त्या मदतीनेच ती घटना हास्यास्पद ठरवली. खिडकीतली ती धूसरता चित्राचा दोष नव्हती. ढगाळ हवेत, उंचावरून, काचेआडून पाहणाऱ्या माणसाला जेवढे दिसते तेवढेच ते चित्र सांगत होते. निराश करणारे ते छायाचित्रच खरे बोलत होते.

याच पुराच्या वेळी त्याच शहरात दुसरीही एक गोष्ट घडली. ‘द हिंदू’ या वृत्तपत्राचे कर्मचारी पुरामुळे छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, आणि २ डिसेंबर रोजी त्याचा चेन्नईतील अंक निघाला नाही. १८७८ साली स्थापन झालेल्या त्या पत्राच्या बाबतीत असे प्रथमच घडले. दारात न पडलेल्या त्या अंकाने पुराची भीषणता जेवढी सांगितली, तेवढी एखाद्या सजवलेल्या अंकाने क्वचितच सांगितली असती. कधी कधी उणीव हीच साक्ष असते. ती भरून काढली की साक्षच पुसली जाते.

एवढ्या विवेचनानंतर मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात सांगतो. फोटो पाहून मन निराश झाले की हात साधनाकडे वळण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझी निराशा छायाचित्राविषयी आहे की वस्तुस्थितीविषयी? जे होते ते यंत्राला टिपता आले नाही, अशी निराशा असेल तर फोटो खुशाल सुधारावा. परंतु जे होते तेच मला पसंत नाही, अशी निराशा असेल तर फोटोला हात लावून काय साधणार? तेथे सुधारणा हवी ती एक तर परिस्थितीत किंवा आपल्या दृष्टीत.

या कसोटीवर आपल्या घरातील व्यवहार घासून पाहू या. विवाहासाठी पाठवायच्या फोटोत सावळ्या मुलीला गोरे करण्याची चाल आपल्या समाजातही आहे. स्टुडिओत पूर्वी ते काम पावडर आणि दिवे करीत. आता मोबाईल क्षणात करतो. ट्यूबलाइटने बिघडवलेला तिचा रंग जागेवर आणणे वेगळे आणि तिचा स्वतःचा रंग बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आपली निराशा फोटोविषयी नसते, मुलीविषयी असते. वरपक्षाची फसवणूक हा तर त्यातला लहान दोष. मोठा दोष हा की, आईवडिलांनी स्वतःच्या हाताने बदललेला तो फोटो मुलगीही पाहते. ‘तू आहेस तशी दाखवण्याजोगी नाहीस,’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. पण ते तिला ऐकू येते आणि जन्मभर विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण भाऊबंदकीचे. वाटणीवरून बिनसलेल्या भावाचा चेहरा जुन्या समूहचित्रातून काढून टाकणारे लोक पूर्वीही होते. परंतु त्यांच्या हाती कात्री असे. कात्रीने कापलेल्या फोटोत रिकामी जागा उरे, आणि ‘येथे कोणीतरी होते’ हे ती जागा नातवंडांना सांगत राही. एखादे नातवंड विचारी, कोणी म्हातारी सुस्कारा टाकून उत्तर देई, आणि कधी काळी तुटलेले नाते सांधायला निमित्त मिळे. आजचे साधन माणूस काढते आणि त्याच्या जागी मागची भिंत भरून टाकते. भोकही उरत नाही. राग कात्रीतही होता. मात्र त्या रागाचा पुरावाही नष्ट करण्याचे सामर्थ्य कात्रीत नव्हते.

तिसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. घरात पुराचे पाणी शिरले की पलंगाखालच्या ट्रंकेतले आल्बमही भिजतात. आजीच्या एकुलत्या एका फोटोवर डाग पडतो, कडा विरघळतात. तो डाग पुसणे, चरे भरणे, उडालेला रंग सावरणे हे प्रेमाचे काम आहे. ते अवश्य करावे. परंतु अर्धा चेहराच वाहून गेला असेल तर? आजची नवी साधने उरलेला चेहरा आपल्या अंदाजाने रचून देतात. डोळा सुंदर येतो, ओठही रेखीव येतात. पण ते आजीचे नसतात. पुढच्या पिढीने त्या परक्या डोळ्यालाच आजी मानावे, असे आपल्याला वाटते काय? असा रचलेला फोटो भिंतीवर लावायचा असेल तर लावावा. मात्र पाण्याने खाल्लेला मूळ फोटो त्याच्याबरोबर जपावा आणि काय केले ते मागे लिहून ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, ‘फोटो निवडतो, छाटतो, कोन ठरवतो तोही सत्य वाकवतोच. मग पुसण्याजोडण्यालाच दोष का?’ आक्षेपात तथ्य आहे. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहातील भरलेल्या पहिल्या दोनच रांगा दाखवणारा फोटो कोणतेही साधन न वापरता खोटे बोलू शकतो. म्हणूनच साधनांची यादी करून ‘हे शुद्ध, ते निषिद्ध’ असे ठरवून भागत नाही. प्रत्येक वेळी ग्वाहीचाच विचार करावा लागतो.

दुसरा कोणी म्हणेल, ‘आजकाल सगळेच फोटो सुधारलेले असतात आणि हे सर्वांना ठाऊक आहे, मग फसतो कोण?’ हा आक्षेप मात्र तपासून घेतला पाहिजे. सर्वांना ठाऊकच असेल तर लपवण्याचे कारण काय? लपवलेला बदल दुसऱ्याच्या विश्वासावर जगतो. आणि त्या विश्वासाची भरपाई शेवटी कोणाला करावी लागते? ज्याची झोपडी वाहून गेली आणि ज्याच्याजवळ पुरावा म्हणून एकच खरा फोटो आहे, त्याला. त्याचा फोटो पाहणारा अधिकारी आता साशंक नजरेने पाहतो. बाजारात खोटी नाणी वाढली की खऱ्या नाण्यालाही लोक दगडावर आपटून पाहतात. हौसेने खोटे करणाऱ्याचे काही जात नाही. गरजेपोटी खरे घेऊन आलेल्याला दारातून परत जावे लागते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आपण लहानपणी पाठ केली. तो शेजारी असाही असू शकतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

चेन्नईचे नाव निघाले की ख्रिस्ती माणसाला संत थोमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंपरेप्रमाणे सांतोमचे चर्च त्याच्या कबरीवर उभे आहे. ऐकीव वार्तेवर विसंबायचे नाही, पुरावा पाहिल्याखेरीज मानायचे नाही, असा तो शिष्य. त्याच्यापुढे जो पुरावा आला तो काय होता, याचा विचार करा. नवजीवन पावलेल्या त्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. ते पुसले गेले नव्हते, आणि त्या व्रणांवरूनच ओळख पटली. निर्दोष, गुळगुळीत देह थोमासमोर आला असता तर त्याने तो कोणाचा म्हणून ओळखला असता? माणसे आपल्या प्रियजनांना ओळखतात तीही बहुधा अशाच खुणांवरून. भुवईवरचा लहानपणीचा चर, किंचित वाकडा दात, कष्टाने रापलेला हात. फोटो सुधारताना बोट आधी नेमके या खुणांकडेच जाते, म्हणून सावध राहायचे.

तेव्हा वाचकहो, साधने शिकून घ्या. त्यात भिण्यासारखे काही नाही. कललेली भिंत सरळ करा, अंधारात बुडालेला चेहरा उजेडात आणा. मूळ प्रत कधीही पुसू नका. आणि एखादा बदल करताना मन घुटमळले तर असे कल्पून पाहा की, हा फोटो पाहणारा माणूस तुमच्या शेजारी बसला आहे आणि तुमचे बोट कोठे फिरते आहे ते पाहत आहे. त्याच्यादेखत जे करता येईल ते निःशंकपणे करा. ज्यासाठी त्याची पाठ वळण्याची वाट पाहावी लागेल, ते राहू द्या. अल्बममध्ये एखादा धूसर फोटो राहिला तर बिघडत नाही. त्या दिवशी हवा धूसर होती, एवढे तरी तो खरे सांगेल.